उलट क्रमाने

मे महिन्यात आमच्याकडे दोनच कामं निघतात:
तेंदूपत्ता, आणि यंदा
बोरकुटे मॅडमचा प्रकल्प.
फॉर्ममागे चाळीस रुपये, डबा आपला आपण.
बी.ए. तृतीय, मानसशास्त्र, अठरा जणांतून
माझी निवड झाली ती मार्कांवर नाही.
"तुला तिकडची बोली येते," मॅडम म्हणाल्या.
ब्रह्मपुरीला आल्यापासून जी लपवत होते
ती बोली पहिल्यांदाच
बायोडेटात गेली.

हिवरटोला पहाटे तीनलाच जंगलात जातो.
म्हणून दुपारी, मोहाच्या सावलीत,
पानांच्या ढिगाशेजारी,
पार्बता नैताम, वय अंदाजे साठ.
'अंदाजे' रकान्यात मावत नाही,
मी साठ लिहिलं.

आधी संमतिपत्र वाचून दाखवायचं.
तुम्ही केव्हाही थांबू शकता.
कारण सांगावं लागणार नाही.
थांबल्यास तुमचं कोणतंही नुकसान होणार नाही.
तिनं दातात धरलेला दोर काढला.
"हे कागदावर लिवलं आहे?"
हो.
"मंग एक कागद त्या मुनशीले दे."
आणि हसत अंगठा पुढे केला.
शाई लावली, पण आधीच्या काळ्यावर
ती कुठे लागली ते कळेना.

चाचणी दोन: अंकस्मृती.
एका सेकंदाला एक आकडा, स्वरात चढउतार नको.
सात. दोन. नऊ. चार.
"कायचे सात?"
कशाचेच नाही, मावशी. नुसते सात.
"नुसते सात कोठी रायतेत?"
सूचनापुस्तिकेत याचं उत्तर नाही.
मी पुन्हा वाचलं, घड्याळाकडे बघत.
सात, दोन, म्हणाली ती, आणि मग
"बिनकामाचे आकडे डोक्यात ठेवाचे कायले?"
उलट क्रमाने सांगायला लावलं
तेव्हा तिनं पुडा दाखवला:
पस्तीस पानं सुलटी, पस्तीस उलटी,
"हे घे तुही उलट."
गुण: दोन.
पुस्तिकेच्या तक्त्यात दोनच्या पुढे
एक शब्द छापलाय. तो मी तिला वाचून दाखवला नाही.

संध्याकाळी फळीवर मुनशी वहीतून ओरडत होता.
नैताम, एकशे एक.
पार्बता उठलीच नाही, बसल्या जागेवरून बोलली:
"माहे एकशे चार. कौतिकाचे नव्वद,
तिच्या सुनेचे सत्तावन, त्यातले तीन तू काल कापले.
भोयराच्या पोराचे एकशे बारा,
तो पोरगा अजून रस्त्यात आहे, येऊ दे, मोज."
पोरगा आला. मोजले.
मुनशीनं पेन झटकलं, जणू चूक पेनात होती.

रात्री टाकीवर चढून मॅडमना फोन लावला.
टाकीवर दोन काड्या रेंज असते.
सगळं सांगितलं. त्या इतक्या गप्प झाल्या
की मला वाटलं कटला.
मग म्हणाल्या, गुण बदलू नकोस.
दोन आले तर दोनच लिही.
पण शेऱ्याच्या रकान्यात हे पण लिही.
मॅडम, रकाना दीड इंचाचा आहे.
"मग मागच्या बाजूला लिही. मागची बाजू मी वाचते."

आईला सांगितलं नव्हतं
की पहिला फॉर्म मी तिचा भरला
आणि फाडला.
नात्यातली व्यक्ती चालत नाही, हे एक कारण.
दुसरं, प्रश्न नऊ: गेल्या दोन आठवड्यांत
तुम्हाला कोणत्याही कामात रस वाटला नाही, असं कधी झालं?
ती म्हणाली होती,
"रस कोनं इचारला होता?"
आणि दोघी खूप हसलो,
आणि हसण्याला पाच पर्यायांपैकी
एकही जुळेना.

तेवीस झाले, सात राहिले.
आज पार्बतानं मला मांडी घालून बसवलं.
"तू रोज आमाले इचारते, आता तू बांद."
एक एक पान लावलं, मनात मोजत,
चेहऱ्यावर चढउतार येऊ न देता.
दोर आवळला, तिच्या हाती दिला.
तिनं मोजला नाही. तळहातावर नुसता
वर-खाली केला.

"दोन कमी," ती म्हणाली,
आणि दोन पानं
माझ्याच मांडीखालून काढून दिली.